जास्वंदीवरचा पिठ्या फवारूनही परत येतोय. मुंगळे, काजळी आणि शेजारच्या पऱ्हाट्या

ओटा_अंगण (चोपडा)

राम राम मंडळी. कंपाउंडच्या आतून जास्वंदीची ओळ आहे. १२ झाडं, पाच-सहा फूट उंच. डिसेंबरच्या शेवटापासून शेंड्यांवर, पानांच्या बगलेत आणि कळीच्या देठाशी कापूस चिकटवल्यासारखं पांढरं दिसतंय. खालची पानं चिकट झालीत, त्यांवर काळी काजळी चढलीय. खोडावर दिवसभर मुंगळ्यांची रांग. कळ्या उमलायच्या आधीच गळतात. भिंतीपलीकडे कापसाचं शेत आहे, वेचणी संपली आणि पऱ्हाट्या उपटून आमच्या भिंतीला लागूनच रचल्यात.

आतापर्यंत दोन गोष्टी केल्या. कपड्यांच्या पावडरचं पाणी, बादलीला दोन मुठी, दुपारी मारलं. पानांच्या कडा करपल्या, पिठ्या आठ दिवसांत हजर. मग निंबोळी तेल. बाटलीत अर्धं गोठलेलं होतं, हलवून पाण्यात टाकलं, ते वर तरंगत राहिलं आणि काही पानांवर तेलकट डाग पडले.

जवळच ४ गुलाब, २ मोगरे आणि एक कढीपत्ता. जास्वंदीची फुलं रोज देवाला जातात, कढीपत्ता फोडणीत, म्हणून जहाल औषध नको. पाणी बोअरचं आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात असं. नेमकं काय, किती आणि कोणत्या क्रमाने करायचं?

---

तापीकाठ (अमळनेर)

ताई, फवाऱ्याकडे नंतर वळा. तुमच्या वर्णनात खरा धागा मुंगळे आणि पऱ्हाट्या हाच आहे.

पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि मागून गोड चिकटा सोडतो. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते, तीच तुमची काजळी. मुंगळे चिकटा खातात आणि त्या बदल्यात पिठ्याची राखण करतात, म्हणजे त्याला खाणारे किडे हाकलतात. शिवाय पिल्लं उचलून नव्या शेंड्यावर नेऊनही ठेवतात. रांग चालू असेपर्यंत कुठलंही औषध मारा, महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

कापूस, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या. कापसावरचा हा मिलीबग (पिठ्याचंच इंग्रजी नाव) मूळचा अमेरिकेकडचा, आपल्याकडे २००५ नंतरच्या काही वर्षांत कापूसपट्ट्यात फार पसरला. जवळून बघा, मादीच्या पाठीवर काळपट ठिपक्यांच्या दोन ओळी दिसल्या तर तोच. शेंडे मुरडून गोळा झाले असतील आणि किडा चिरडल्यावर लालसर-गुलाबी रस निघत असेल तर तो गुलाबी मिलीबग. इलाज जवळपास तोच, फक्त मुरडलेला शेंडा सरळ होत नाही, कापावाच लागतो.

झाडं उपटली की पऱ्हाट्या वाळतात आणि त्यांवरची पिल्लं हिरवं शोधत निघतात. वाऱ्याने उडतात, कपड्यांना, शेळ्यांच्या अंगाला लागून येतात. भिंतीपलीकडचा ढीग म्हणजे तुमच्या दारात उभा केलेला कारखाना. शेतमालकाला गोडीत सांगून तो किमान भिंतीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हलवून घ्या. त्याचाही फायदा आहे, गुलाबी बोंडअळी त्याच ढिगात दबा धरून बसते. भिंतीच्या दोन्ही अंगांना गाजरगवत आणि पेटारी असेल तर मुळासकट काढा, पिठ्या त्यांवरही जगतो.

मुंगळ्यांसाठी आमिष: अर्धा लिटर कोमट पाणी, ५० ग्रॅम साखर, ५ ग्रॅम टाकणखार (म्हणजे बोरॅक्स, सोनारकामाच्या सामानात किंवा जडीबुटीच्या दुकानात मिळतो, चहाचा एक सपाट चमचा). पूर्ण विरघळवा. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीत कापूस भिजवून ती रांगेजवळ आडवी ठेवा, १२ झाडांना चार-पाच बाटल्या. टाकणखार वाढवायचा मोह टाळा. जास्त झाला तर मुंगळा वाटेतच मरतो, वारुळात राणीपर्यंत काही पोचत नाही. पहिले दोन दिवस बाटलीवर गर्दी वाढते, तेच हवंय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी बदला. लहान मुलं आणि कुत्रं पोचणार नाही अशी जागा बघा.

त्याच वेळी खालच्या वीतभर भागातल्या फांद्या काढा, म्हणजे झाड फक्त खोडावरच उभं राहील. भिंतीला, तारेला, गवताला टेकलेली फांदी हा मुंगळ्यांचा पूल असतो. खोडाला जमिनीपासून वीतभर वर चार बोटं रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. ग्रीस थेट सालीवर नको, साल मरते. दर आठ-दहा दिवसांनी बघा. धूळ बसली की ग्रीसचा रस्ता होतो, आणि आपल्याकडे फेब्रुवारीपासून धुळीला तोटा नाही.

---

गावरान_निंब (यावल)

तापीकाठ दादांचं बरोबर. मी फक्त कापणी, साबण आणि निंबाचं सांगतो, कारण ताईंच्या दोन्ही फवारण्या कशा फसल्या ते त्यांच्याच वर्णनात लिहिलंय.

कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो. तो पानाची कड जाळतो, दुपारच्या उन्हात तर हमखास. साबण हवा असेल तर पोटॅशचा मऊ साबण घ्या. कृषी केंद्रात 'पोटॅशियम सोप' म्हणून मिळतो, लिटरला ५ मिली, आणि लेबलवर वेगळं लिहिलं असेल तर लेबल खरं. नसेलच मिळत तर भांड्यांचा द्रव साबण लिटरला ५ मिली, त्यापुढे नाही.

पण बोअरच्या पाण्यात साबण फाटतो. बाटलीत पाणी घेऊन साबणाचे चार थेंब टाका आणि हलवा. फेस न होता वर दह्यासारखा साका आला तर ते पाणी फवाऱ्याला बाद. साका नोझल तुंबवतो आणि किडीवर काम करायला साबण उरत नाही. १२ झाडांना लागेल तितकं गोडं पाणी बाजूला भरून ठेवा. नळाचं, नदीचं किंवा फिल्टरचं चालेल. सहा फुटी झाडाला साधारण एक ते सव्वा लिटर, म्हणजे एका फेरीला १५ लिटर धरा.

साबण फक्त ओल्या स्पर्शाने मारतो. वाळला की संपला, मागे काही राहत नाही. आणि पिठ्याच्या अंगावर मेण असतं, वरून भुरभुरलं तर थेंब घरंगळून जातो. म्हणून आदल्या संध्याकाळी पाइपाचं तोंड बोटाने दाबून शेंडे आणि पानांच्या बगला जोरात धुवा. निम्मी कीड इथेच खाली पडते. खाली जुनं पोतं अंथरा, पडलेला माल गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवा, नाहीतर तो पुन्हा चढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत साबण. पानाच्या पाठीमागून, फांदी टपकायला लागेपर्यंत. दोन तासांनी साध्या पाण्याने झाड धुतलं तर कडा करपत नाहीत. पहिल्यांदा मारताना एकाच झाडाच्या दोन-तीन फांद्यांवर मारून दोन दिवस थांबा.

धुण्याच्याही आधी कापणी. फार भरलेले शेंडे चार-सहा इंच खाली, निरोगी डोळ्याच्या वर कापा. कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. कापलेलं उकिरड्यावर किंवा भिंतीपलीकडे टाकायचं नाही. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा. कापणीनंतर युरिया देऊ नका. लुसलुशीत फूट आली की पिठ्याला आमंत्रणच. हवं तर झाडाला पाव किलो निंबोळी पेंड वरच्या मातीत मिसळा. खोडाच्या बुडाशी, मातीलगतच्या सालीच्या फटीतही पिठ्या लपतो, तिथली दोन इंच माती हलवून बघा.

निंबोळी तेल थंडीत गोठतं, त्यात तेलाचा दोष नाही. बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पूर्ण पातळ होऊ द्या. मग एका वाटीत ५ मिली तेल आणि २ मिली द्रव साबण घोटा, दुधासारखं झालं की थोडं कोमट पाणी घाला आणि शेवटी एक लिटर करा. तेल आधी पाण्यात टाकलं की ते तरंगणारच, मग पंपातून सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी निव्वळ तेल येतं. तुमचे डाग त्या शेवटच्या झाडांवर असतील, बघा.

अर्क करायचा तर गेल्या जूनची वाळवलेली निंबोळी अजून चालते. तीन महिन्यांहून जुनी आणि आठ-दहा महिन्यांच्या आतली सर्वांत चांगली, म्हणजे फेब्रुवारी ही तिची अखेर. ५०० ग्रॅम गर जाडसर कुटून फडक्यात बांधा, रात्रभर तीन-चार लिटर पाण्यात ठेवा. सकाळी पुरचुंडी पिळत राहा, पाणी दुधी व्हायला हवं. फिकट पिवळं आलं तर बी जुनं झालंय. दुहेरी कापडातून गाळून एकूण १० लिटर करा, १० मिली साबण घाला आणि त्याच दिवशी मारा. उद्यासाठी ठेवलं तर ते नुसतं वासाचं पाणी. उन्हाने गुण जातो, म्हणून अर्क सूर्य मावळताना.

---

पंपवाला_१६

ताई, एवढा कुटाणा कशाला? प्रोफेनोफॉस, पंपाला ३० मिली. एकच फवारामा साफ. कापसावर सगळे तेच मारतात.

---

मित्रकीड (धुळे)

भो, साफ व्हई, पन कोन साफ व्हई ते देखा.

कापसावरचं औषध कापसाच्या लेबलवर असतं, घराच्या ओट्यालगत रोज तोडायच्या फुलांवर ते लागू होत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ भागात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, तेही रोजचे फवारणारे होते. घरच्या बागेत ना मास्क ना चष्मा, आणि खालच्या दोरीवर कपडे वाळत असतात. डब्यावरचा त्रिकोण बघायची सवय लावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल-पिवळा घराच्या अंगणात आणायचाच नाही.

दुसरं कारण शुद्ध व्यवहाराचं आहे. पिठ्यावर एक बारीक गांधीलमाशीसारखा परोपजीवी जगतो, नाव इनासियस, लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास. तो पिठ्याच्या पोटात अंडं घालतो आणि पिठ्या आतून पोखरला जाऊन तपकिरी, टणक, पिंपासारखा फुगलेला दिसतो. त्याला ममी म्हणतात. गोल भोक दिसलं तर माशी बाहेर पडली. कापसावरचा मिलीबग पुढे आटोक्यात आला त्यात या माशीचा वाटा मोठा. जहाल फवारा तिला आधी मारतो, कारण पिठ्याच्या अंगावर मेण आहे आणि हिच्या अंगावर काहीच नाही. महिन्याने पिठ्या दुप्पट का दिसतो, त्याचं उत्तर हे. वर लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) वाढतो तो वेगळाच, त्यालाही खाणारे मेलेले असतात.

म्हणून ताई, कापलेल्या शेंड्यांत तपकिरी ममी दिसल्या तर त्या फांद्या पिशवीत कोंडू नका. बादलीत घाला, तोंडावर मच्छरदाणीचं कापड बांधा, बादली पाण्याच्या परातीत ठेवून जास्वंदीखाली मांडा. माशी जाळीतून निघून जाते. पिठ्याची पिल्लंही जाळीतून सुटतील, पण परातीतलं पाणी ती ओलांडू शकत नाहीत. दहा-बारा दिवसांनी उरलेलं जाळा.

अगदीच हाताबाहेर गेलं तर ब्युप्रोफेझिन २५ टक्के हा त्यातल्या त्यात सौम्य पर्याय. पिल्लांची कात टाकणं थांबवतो. द्राक्षावर मिलीबगसाठी वापरतात, लिटरला १ ते १.५ मिली. मोठी मादी त्याने मरत नाही आणि मित्रकिडींच्या अळ्यांनाही तो बाधतो, हे धरून चाला. देवाची फुलं मग काही आठवडे दुसरीकडून आणावी लागतील.

---

ओटा_अंगण (चोपडा)

सगळ्यांचे आभार. आमिषाच्या बाटल्या काल ठेवल्या, बाटलीवर मुंगळ्यांची जत्रा भरलीय. आज शेंडे बघताना एक नवीनच दिसलं. पिठ्यासारखंच पांढरं, पण दुप्पट-तिप्पट मोठं, अंगावर लांब झिपऱ्या, आणि हात लावला तर चक्क पळतं. तीन-चार आहेत. ही मोठी मादी का? चिरडू का?

---

मित्रकीड (धुळे)

थांबा, हात आवरा!

पळतं म्हणजे ती पिठ्याची मादी नव्हे. मादी तीन-चार मिलिमीटरची, हलली तर मुश्किलीने हलते. ही सेंटिमीटरभर झिपरी अळी म्हणजे ढालकिड्याचं पिल्लू, क्रिप्टोलिमस. प्रौढ झाला की काळा, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. ऑस्ट्रेलियातून १८९८ मध्ये तो भारतात मुद्दाम आणला गेला. अळी आणि प्रौढ दोघंही पिठ्याच खातात. बहुतेक घरांत तो शत्रू समजून पुसला जातो, कारण दिसायला तो पिठ्याचाच थोरला भाऊ.

तुमच्याकडे तो आपणहून आलाय, तर ज्या झाडांवर तो आहे त्या झाडांवर साबण मारू नका. बाकीच्या झाडांवर मारा. त्या दोन-तीन झाडांवर फक्त मुंगळे बंद ठेवा आणि कापणीही आवरती घ्या, त्याला खायला काहीतरी राहू द्या. मार्चपर्यंत तो चांगलं काम करेल. पुढे आपलं ४० च्या वरचं ऊन लागलं की तो मंदावतो.

वर्टिसिलियम नावाची जैविक बुरशीची पावडरही दुकानात दाखवतील, लिटरला ५ ग्रॅम. तिला दमट हवा लागते. आत्ताच्या कोरड्या हवेत पैसे वाया. जुलै ते सप्टेंबरमध्ये, संध्याकाळी, झाड ओलं असताना मारली तर उपयोग, आणि तिच्या आगेमागे आठवडाभर बुरशीनाशक नको.

---

मोगरा_मार्च (शहादा)

जास्वंदीचं झालं, पण उरलेल्या झाडांकडे कोणी बघत नाहीये.

गुलाब: मार्चपासून पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि पाठीमागे कोळिष्टकासारखं जाळं दिसलं तर तो लाल कोळी. पांढऱ्या कागदावर पान झटका, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले की खात्री. पानांच्या पाठीमागून दर दोन-तीन दिवसांनी पाण्याचा जोराचा झोत, सकाळी. कोळ्याला कोरडी धूळ मानवते, पाणी मानवत नाही. पाण्यात मिसळणारं गंधक ८० टक्के, लिटरला २ ग्रॅम, हे फक्त फेब्रुवारीतच. पारा ३२ च्या वर गेल्यावर गंधक पान जाळतं. आणि ताई, निंबोळी तेल मारलेल्या झाडावर निदान तीन आठवडे गंधक नको. दोन्ही एकत्र आले की पान करपतं आणि दोष भलत्याच गोष्टीला जातो.

मोगरा: कळीला भोक आणि आत हिरवट अळी असेल तर कळी पोखरणारी अळी. भोक नसून कळी जांभळट होऊन वाळत असेल तर कळीतली माशी, तिची अळी मातीत उतरून कोष करते. दोन्हीत पडलेल्या कळ्या रोज वेचून उकळत्या पाण्यात घाला. दुसऱ्या प्रकारात झाडाखालची माती दर आठवड्याला दोन इंच खुरपून उन्हात उघडी टाका. छाटणी आत्ता जानेवारीतच उरकली असेल तर ठीक, फेब्रुवारीच्या शेवटी करू नका, बहर मागे जातो.

कढीपत्त्यावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी अळी दिसली तर ती लिंबावरच्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवी होते. हाताने वेचा, संपलं. रोज तोडायच्या पानांवर फवारा कशाला.

आणि जास्वंदीच्या कळ्या एप्रिल-मेमध्ये कीड नसतानाही गळतात. उन्हाचा ताण आणि पाण्याची अनियमितता. तेव्हा पुन्हा पंप काढू नका. बुडाशी चार बोटं पाचट किंवा केळीचा वाळका पाला घाला, पण खोडाला चिकटवू नका, मुंगळ्यांना आडोसा होतो.

---

ओटा_अंगण (चोपडा)

झिपऱ्या अळ्या तीन झाडांवर आहेत, त्या झाडांना लाल दोरा बांधून ठेवला. बाटलीत साका आला, म्हणजे बोअरचं पाणी बाद. शेतमालक पऱ्हाट्या रविवारी हलवतो म्हणाला. उरलेल्या नऊ झाडांचं वेळापत्रक कोणी नीट लावून देईल का? साबण आणि अर्क एकाच दिवशी चालेल?

---

गावरान_निंब (यावल)

पऱ्हाट्या हलायच्या आधी काही मारू नका. ढीग हलवताना धूळ आणि पिल्लं दोन्ही उडतील, मग तुमची पहिली फेरी फुकट.

रविवारी ढीग हलला की सोमवारी कापणी आणि गाजरगवत काढणं. संध्याकाळी पाण्याचा झोत. मंगळवारी सकाळी साबण. पुढच्या मंगळवारी मावळतीला निंबोळी अर्क किंवा तेल, दोन्हीपैकी एकच. त्यापुढच्या मंगळवारी पुन्हा साबण. सात दिवसांचं अंतर एवढ्याचसाठी की लपलेली पिल्लं मध्ये बाहेर येतात, आणि उघडं, मेण न चढलेलं पिल्लूच साबणाने सहज मरतं. फेरी चुकून पंधरा दिवसांवर गेली तर त्यांच्या अंगावर मेण चढतं आणि पहिल्यापासून सुरुवात.

अर्कात दहा लिटरला दहा मिली साबण आहेच, वेगळा साबण त्याच दिवशी नको. गुलाबाला गंधक मारणार असाल तर अर्काच्या किंवा तेलाच्या दिवशी गुलाब प्लास्टिकने झाका.

तिसऱ्या फेरीनंतर फवारणी बंद. दर आठवड्याला प्रत्येक झाडाचे पाच शेंडे उलटून बघा. एखाद-दुसरा पिठ्या दिसला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून तिथल्या तिथे टेकवा. पंपाची गरज नाही. काजळी आपोआप जात नाही, ती पानाला नुसती वरून बसलेली असते. ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर जुनी पानं गळेपर्यंत थांबा. त्यावरून किडीचा अंदाज मात्र बांधू नका, नवीन पान चिकट लागतंय का तेवढं बोटाने बघा.

ग्रीसची पट्टी कधी बदलली तर लिहा, बाटलीवरची जत्रा ओसरली का तेही.

---

ओटा_अंगण (चोपडा)

लाल दोऱ्याच्या झाडांचे शेंडे धुवायचे की तेही नाही?

---

मित्रकीड (धुळे)

तेही नाही. झोताने अळीही खाली पडते. तिथे फक्त ग्रीसची पट्टी आणि आमिषाची बाटली.